शेवटची पेटी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

हसलात ना? हसणारच. मला ओळखणारा कोणीही हसेल. सुदाम निवेदकानं न सांगितलेली एखादी गोष्ट माजलगावात शिल्लक आहे, यावर कोण विश्वास ठेवेल? स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी भटजींच्या हातातला माईक घेतला होता — सांगितलंय. दाढ काढायला गेलो आणि डॉक्टरला अशी काही गोष्ट रंगवून सांगितली की त्यानं शेजारची धडधाकट दाढ उपटली — तेही सांगितलंय, आणि त्याच डॉक्टरच्या मुलीच्या लग्नात, सगळ्या वऱ्हाडासमोर. लग्न असो, जयंती असो, कोणाची सेवानिवृत्ती असो, माईक दिसला की माझा हात आपोआप पुढे जातो. माझं घर बोलण्यावर उभं आहे. पोरांची शिक्षणं बोलण्यावर झाली.

पण ही एक गोष्ट — नाही. बायकोला नाही. दारू प्यायलो तेव्हाही नाही. एकदा तापात बरळत होतो म्हणे, तर शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न मी हाच विचारला, की मी काय काय बोललो?

निमित्त साधंच आहे. या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, सुदामराव, तुम्ही सिनेमाचे वेडे; ज्या सिनेमांनी तुम्हाला घडवलं त्यांच्यावर लिहा. मी हो म्हणालो. फोन ठेवला आणि नाही म्हणायला लगेच परत उचलला, मग खाली ठेवला. कारण मला घडवणारा सिनेमा खरं म्हणजे एकच, आणि तो मी शेवटपर्यंत पाहिलेला नाही.

थांबा, तिकडे जाऊच. आधी दुसरे दोन सांगतो. मला माहीत आहे, मी वेळ काढतोय. वेळ काढणं हाच तर माझा धंदा.

पहिला सिनेमा देवाचा. आमच्याकडे जत्रेत तंबू लागायचा, आणि पडद्याच्या मागच्या बाजूला बसणाऱ्याला तिकीट निम्मं असायचं. पडदा पातळ, त्यामुळे चित्र मागूनही दिसायचं — फक्त उलटं. मी निम्म्या तिकिटात वाढलेला माणूस. माझ्या सगळ्या देवांनी शस्त्रं डाव्या हातात धरलेली होती, सगळे भक्त डाव्या हातानं फुलं वाहत होते. घरी येऊन मी डाव्या हातानं जेवायला बसलो तेव्हा वडिलांनी पाठीत धपाटा घातला. देव असंच जेवतात, असं मी रडत रडत सांगत होतो. पण तेव्हाच एक गोष्ट मनात पक्की बसली. पुढून बघणाऱ्यांना एक दिसतं, मागून बघणाऱ्याला दुसरं. आणि पुढच्यांना त्याचा पत्ताही नसतो.

दुसरा सिनेमा डाकूंचा. मशीनवाल्यानं रिळांची गल्लत केली. डाकू आधी मेला, मग त्याला जाळलं, मग त्याचं लग्न झालं आणि सगळ्यात शेवटी तो जन्मला. एकानंही ओरडा केला नाही. माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. पाळण्यातलं बाळ बघून ती समाधानानं म्हणाली, "बरं झालं बाई, मरून मोकळा झाला. आता त्याची काळजी न्हाई." त्या दिवशी मला कळलं, की माणसं काहीही चालवून घेतात, कुठल्याही क्रमानं. फक्त शेवट हवा. शेवट झाला नाही तर माणूस जागचा उठत नाही.

आता तिसरा.

त्याचं नाव मी सांगणार नाही. का, ते पुढे कळेल.

मी तेव्हा विशीत होतो आणि एका फिरत्या टॉकीजवर नोकरीला होतो. दिवसा टेम्पोवर भोंगा बांधून गावोगाव ओरडायचं, दिवेलागणीनंतर तंबूत माईक धरायचा. तंबूत माईक कशासाठी? सांगतो. आमच्या मालकाचे तंबू दोन होते आणि सिनेमाची प्रत एक. नारायणगडाची जत्रा भरली की एक तंबू गडाच्या पायथ्याशी लागायचा, आणि दुसरा तिथून दोन-तीन कोसांवरच्या मोठ्या गावात. त्या गावातला खेळ आधी सुरू व्हायचा. तिथली तीन-चार रिळं दाखवून झाली की ती पत्र्याच्या पेटीत घालायची, पेटी फटफटीच्या मागच्या सीटला बांधायची आणि आमच्या तंबूत आणायची. आम्ही ती दाखवायची, तोवर पुढची पेटी. असा एकच सिनेमा एकाच वेळी दोन गावांत धावायचा. हो, अक्षरशः धावायचा — फटफटीवर.

ती फटफटी चालवायचा बंकट.

बंकट माझ्या गावचा, लिंबागणेशच्या बाजूचा. आमची घरं एका गल्लीत. त्याचे आईवडील दर सालाला कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे, त्यामुळे शाळेत तो अर्धा होता आणि कारखान्याच्या फडात अर्धा. या नोकरीवर मला त्यानंच लावलं. मालकाला म्हणाला होता, आमचा सुद्या लई बोलतो, त्याचा कायतरी उपयोग करा. स्वतः मात्र बोलायचा कमी. ऐकायचा. त्याचे कान असे होते, की तंबूच्या बाहेर चहा पीत उभा असला तरी आतल्या मशीनचा आवाज ऐकून म्हणायचा, "आता तुटंल बघ." आणि रीळ तुटायचंच. मशीनवाला म्हातारा झाला होता. मालकानं बंकटला शब्द दिला होता, की ही जत्रा झाली की तू मशीनवर. त्याला दुसरं काही नको होतं. पडद्यावर काय चाललंय यात त्याला फारसा रस नव्हता. त्याला ते यंत्र हवं होतं, त्याची घरघर हवी होती.

आणि मला काय हवं होतं?

मला पेटी उशिरा यायला हवी होती.

दोन पेट्यांच्या मधे कधी कधी खंड पडायचा. पडदा पांढरा व्हायचा, लोक शिट्ट्या मारायचे, आणि मालक माझ्याकडे बघून मान हलवायचा. मी माईक घ्यायचो. गोष्टी, नकला, गावच्या पाटलाची चाल, सिनेमातल्या बाईचं रडणं. तेवढी पाच मिनिटं तो सगळा तंबू माझा असायचा. दोरीच्या एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये, आणि सगळे माझ्याकडे बघतायत. पेटी आली की संपलं. मग परत तो पडदा. कधी कधी लोकच ओरडायचे, "थांबू द्या ती पेटी, त्याला बोलू द्या." तुम्ही कधी अशी हाक ऐकलीय? ती एकदा ऐकली की माणूस कामातून जातो, खरं सांगतो.

पण बंकट वेळेवर यायचा. रस्ता कसाही असो, पाऊस असो, चिखल असो. माझी पाच मिनिटं तीनावर आली, मग दोनावर. तो पेटी उतरवून घामेजल्या तोंडानं माझ्याकडे बघून हसायचा. त्याला वाटायचं, त्यानं मला वाचवलं.

त्या दिवशी नवी प्रत आली होती. दुपारच्या एसटीनं पेट्या उतरल्या आणि संध्याकाळी खेळ, म्हणजे सिनेमा आमच्यातल्या कोणीच पाहिलेला नव्हता. गोष्ट एका मळ्यातल्या घराची. त्या घरची सून पाण्याला जाते आणि विहिरीत पडून मरते. मग तिची धाकटी बहीण त्याच घरात येते, आणि काही न बोलता एकेकाचं तोंड बघत राहते. सासरा, दीर, नवरा, गडी — कोणी ढकललं? सिनेमात गाणी जवळजवळ नव्हती. पुन्हा पुन्हा ती विहीर दिसायची, वरून, आणि आत काळं पाणी. जत्रेतला तंबू, एरवी पोरांचा कालवा, फुगेवाल्यांच्या पिपाण्या. पण त्या संध्याकाळी कोणी खोकलंसुद्धा नाही. मी खांबाला टेकून बघत होतो आणि मला त्या सिनेमाचा हेवा वाटत होता. हो, सिनेमाचा. एवढी शांतता मला कधी मिळाली नव्हती.

मध्यंतराच्या जरा आधी बंकट आला. त्यानं पेटी दिली. आता फक्त शेवटची राहिली होती. बाहेर टपरीवर त्यानं चहा मागितला. आणि तेवढ्यात किसनबुवा आले.

किसनबुवांचं रान रस्त्याच्या दोन्ही अंगांना होतं. विहीर या बाजूला, ऊस त्या बाजूला. आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेल. पाईप रस्त्यापलीकडे न्यायचा तर रस्त्यात आडवा चर खांदायचा, पाईप टाकायचा, आणि भिजवणं झालं की सकाळी चर बुजवायचा. लाईट रात्रीच यायची, म्हणून हे काम अंधारातच व्हायचं. आणि दुसरी रीत — जत्रेत तंबूच्या भोंग्यावर एकदा सांगितलं, म्हणजे शिवारभर सांगितलं. हरवलेलं पोर, सुटलेला बैल, खांदलेला चर, सगळं आमच्या भोंग्यावर. एकदा निरोप दिला की माणूस निर्धास्त.

किसनबुवांच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल होता. ते म्हणाले, "लाईट यायच्या आत आमी चर खांदाय घेणार हाय. भोंग्यावर सांग. आन तुमच्या त्या पेटीवाल्याला आठवणीनं सांग, माघारी येताना कालव्यावरनं ये म्हणावं. चर लई खोल हुनार हाय."

सांगतो बुवा, म्हणालो मी.

ते गेले. बंकट माझ्यापासून बैलगाडीच्या लांबीएवढा दूर होता. बशीतून चहा पीत होता. हाक मारायचीही गरज नव्हती. नुसतं म्हटलं असतं तरी त्याच्या कानांनी ऐकलं असतं. मी त्याच्याकडे बघत होतो. त्यानं बशी ठेवली. तोंड पुसलं. किक मारली — एकदा लागली नाही, दुसऱ्यांदा मारली. म्हणजे वेळ होता. भरपूर होता. जाताना त्यानं माझ्याकडे बघून हात वर केला आणि मीही केला.

आणि मी बोललो नाही.

मी! ज्याला गप्प बसायला सांगितलं तर अंगावर पुरळ उठतं, तो मी. सबंध आयुष्यात एकदाच जिथं बोलायचं होतं तिथं बोललो नाही.

हिशोब सोपा होता. तो येईल, चर दिसेल, थांबेल, फटफटी हातानं बाजूच्या रानातून काढेल. पंधरा मिनिटं जातील, वीस जातील. शेवटच्या पेटीआधीची वीस मिनिटं! तो तंबू, ती शांतता, आणि मी.

पुढचं ऐका. फटफटीचा लाल दिवा वळणावर दिसेनासा झाला. मग मी आत गेलो, मध्यंतराचे दिवे लागले होते, आणि माईक हातात घेऊन छान खणखणीत आवाजात जाहीर केलं, की मोठ्या गावच्या रस्त्याला चर खांदलाय, घरी जाताना सर्वांनी कालव्याच्या बाजूनं जावं. सगळ्या तंबूनं ते ऐकलं. बायांनी ऐकलं, पोरांनी ऐकलं, मालकानं ऐकलं. ज्याला ऐकायचं होतं तेवढा एक सोडून.

पेटी संपली. पडदा पांढरा झाला. धाकटी बहीण विहिरीच्या काठावर उभी होती, तिनं मागं वळून बघितलं होतं, ती कोणाचं तरी नाव घेणार होती — आणि पांढरं.

मी बोलायला लागलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. छान चाललं होतं. मग वीस झाली. मग माझ्या लक्षात आलं, की आता पेटी यायला हवी होती. मी बोलता बोलता कान बाहेर लावले. फटफटी ऐकू येईना. लोक चुळबुळायला लागले. नकला नको होत्या त्यांना, पाटील नको होता. मागून एकजण म्हणाला, "ए बाबा, ते सोड. तिला कोणी ढकललं ते सांग." सगळा तंबू तेच म्हणायला लागला. मालक खांबापाशी आला, आणि हलक्या आवाजात म्हणाला, "संपव तू. तुझ्या मनानं."

माझ्या मनानं.

मी शेवट सांगायला लागलो. आधी काही ठरवलं नव्हतं, हे शपथेवर सांगतो. तोंड उघडलं आणि ते बाहेर आलं. मी म्हणालो, की तिला कोणीच ढकललं नाही. विहिरीच्या काठाचा दगड सुटला होता. त्या घरातल्या एकानं तो सकाळीच पाहिला होता. ती घागर घेऊन त्याच्या समोरून गेली. तो ओसरीवर बसला होता. तिनं त्याच्याकडे बघितलं, त्यानं तिच्याकडे बघितलं. एक शब्द बोलला असता तर ती थांबली असती. तो बोलला नाही. आणि आता धाकटी बहीण त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आहे, आणि ती सगळं ओळखून आहे, आणि तीही काही बोलत नाही.

मी माईक खाली केला. कोणी हललं नाही. मग बायांच्या बाजूनं एक हुंदका आला. आणि मग टाळ्या. अशा टाळ्या, की तंबूचं कापड हललं. मालकानं मला मिठी मारली. लोक उठून येऊन पाठीवर थापा मारत होते.

त्या वेळी बंकट चरात पडलेला होता.

कालव्यावरनं न जाता त्या रस्त्यानं गेलेल्या दोघा-तिघांना तो सापडला. मी सांगितलं म्हणून ते बॅटरी लावून, जपून चालले होते. किसनबुवांच्या पोरांनी चर खांदून पाईप टाकला होता आणि लाईट आली म्हणून मोटारीकडे गेली होती. चरापाशी कोणी थांबलं नाही. कशाला थांबतील? निरोप दिला होता ना. पाईपचा जोड गळत होता, चरात पाणी साठलं होतं. बंकटच्या उजव्या गुडघ्याचा चुरा झाला होता, डोकं दगडावर आपटलं होतं. पेटी फुटून रिळं चिखलात पसरली होती. फिल्म त्याच्या अंगावर, गळ्यात, हातापायांत गुंडाळली गेली होती, असं ज्यांनी त्याला काढलं ते सांगत होते. सोडवायला विळा आणावा लागला. सिनेमाचा शेवट त्यांनी तिथंच कापून काढला.

आता मी म्हणू शकतो, की तो पडेल असं मला वाटलं नव्हतं. बरीच वर्षं मी स्वतःशी तसंच म्हणत होतो. मग सांगा, तो शेवट माझ्या तोंडात कुठून आला? वाटलं नव्हतं तर तो दगड, ती घागर, तो ओसरीवरचा माणूस — हे सगळं आयतं कुठून आलं? माहीत होतं मला. बोलता बोलता माहीत होतं. तरीही मी माईक टाकून पळालो नाही. गोष्ट पुरी केली. टाळ्या घेतल्या.

आणि खोटं? ते दुसऱ्या दिवशी. बीडच्या सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात किसनबुवा माझ्याकडे आले. त्यांनी विचारलं, "सांगितलं हुतं ना बाबा त्याला?"

"सांगितलं होतं बुवा," मी म्हणालो. "ऐकलं न्हाई त्यानं."

एवढंच. मला पुढं काही करावं लागलं नाही. सगळा तंबू साक्षीला होता. आमी सोत्ता ऐकलं, भोंग्यावर सांगितलं हुतं, असं शेकडो माणसं खरं बोलत होती. फटफटी भोंग्याच्या आधी गेली की नंतर, हे कोणी बघितलं नव्हतं. बंकटला शुद्ध आली तेव्हा ती संध्याकाळ त्याच्या डोक्यातून पुसली गेली होती. चहा आठवत नव्हता, किक आठवत नव्हती. लोकांनी त्याला सांगितलं. मीही तिथं होतो. तो माझ्याकडे बघून ओशाळल्यासारखा हसला आणि म्हणाला, "तू सांगितलं असशील रे. माझंच ध्यान नसंल."

मालकानं त्याला मशीनवर घेतलं नाही. यंत्र ऐकून चालवायचं असतं, न ऐकणाऱ्याला मी तिथं बसवत नाही, असं तो चारचौघांत म्हणाला. बंकटनं मान हलवली. त्यालाही ते पटलं होतं.

माझं मात्र सुरू झालं. गडाच्या तंबूत शेवट सांगणारा तो पोरगा कोण, अशी विचारणा व्हायला लागली. कोणाच्या बारशाला बोलावणं, कोणाच्या सत्काराला. आज मी जो काही आहे तो त्या वीस मिनिटांवर आहे. आणि ती गोष्ट — पेटी न आल्याची, मी शेवट रचल्याची — मी किती कार्यक्रमांत सांगितली असेल! लोक मागून घेतात. चराचा उल्लेख येतो, बंकट पडल्याचा येतो, मग मी एक छोटा उसासा सोडतो आणि म्हणतो, मित्रानं भोंगा ऐकला नाही. या जागेवर मी थोडा थांबतो. परिणाम चांगला होतो.

बंकट पहिल्या रांगेत बसलेला असतो.

हो, तो येतो. माजलगावात मार्केट यार्डापाशी त्याचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरायचं दुकान आहे. पाय ताठ पुढे टाकून तो पंप उघडतो, तांब्याची तार भरतो. काम उत्तम. पण गिऱ्हाईक काहीही म्हणालं की तो विचारतो, काय म्हणालात? परत सांगा. किती एचपी? परत सांगा. उद्या येऊ? परत सांगा. लोक त्याला बंकट दुबारा म्हणतात. हे नाव त्याला मीच दिलंय, एका लग्नात, माईकवर. तोही हसला होता. एकदा शोभावहिनी, त्याची बायको, मला म्हणाली, भाऊजी, हे झोपताना कडी लावली का म्हणून तीनदा विचारतात. मी सांगितलं तरी स्वतःच्या कानांवर भरवसा न्हाई. मी एक विनोद केला. कुठला ते आठवत नाही. ती हसली, हे आठवतं.

त्याची मुलगी पूजा कॉलेजात आहे. आषाढ सरता सरता ती फोन घेऊन पळत माझ्याकडे आली. काका, तो विहिरीचा सिनेमा सापडला, अख्खा हाय, आन शेवट तर येगळाच हाय! ती सांगायला लागली आणि मी तिच्या तोंडावर हात ठेवला. खरोखर ठेवला. पोरगी घाबरली. मी हसून म्हणालो, शेवट सांगायचा नसतो वेडे. मला आजही माहीत नाही त्या बाईला कोणी ढकललं. मला ते जाणून घ्यायचं नाही. नाव सांगत नाही ते याचसाठी. तुम्हीही शोधू नका. शोधलंत तर मला सांगू नका.

पण बंकटनं पाहिला. दुकानात, काउंटरवर फोन टेकवून, पोरीच्या शेजारी बसून त्यानं पूर्ण पाहिला. दुसऱ्या दिवशी मी तिकडून जात होतो तर त्यानं हाक मारली. हातातली तार खाली ठेवली. म्हणाला, "शेवट बघितला रं. तुझाच बरा हुता."

मी वाकून मुजरा केला, नाटकातल्यासारखा.

तो हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला. मग हळू म्हणाला, "पर तुला ते सुचलं कावून? कुठनं आलं?"

रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. मी म्हणालो, देवाची देणगी रे. तो म्हणाला, "काय? परत सांग." मी परत सांगितलं. तो म्हणाला, "परत सांग."

तिसऱ्यांदा मला ते म्हणता आलं नाही. मी कोणाचा तरी फोन आल्यासारखं केलं आणि निघालो. वळून बघितलं तर त्यानं तार उचललेली नव्हती.

त्यानंतर मी त्या रस्त्यानं गेलेलो नाही. गेले काही दिवस एकही कार्यक्रम घेतला नाही. माईकसमोर उभा राहिलो की मला समोरच्या रांगेत तो दिसतो, आणि तो काही बोलत नाही. माझ्याच शेवटातल्या त्या बहिणीसारखा.

हा अंक दर वर्षी मी स्वतः नेऊन त्याला देतो. माझं लिहिलेलं असो नसो, तो पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचतो. ओळीवर बोट ठेवून वाचतो, आणि प्रत्येक ओळ दोनदा वाचतो. यंदाही नेऊन देईन. काउंटरवर ठेवीन आणि तिथंच उभा राहीन.

बंकट, तू दोनदा वाचशील, म्हणून मी एकदाच लिहितो.

चराचं मी तुला सांगितलं नव्हतं. किसनबुवांनी सांग म्हणून सांगितलं होतं, तू समोर चहा पीत होतास, आणि मी गप्प बसलो. भोंग्यावर सांगितलं ते तू गेल्यावर. तुझे कान चांगले होते. ऐकायला काही नव्हतंच.